अडलेलं वचन ओलांडायचं न्हाय

प्रत्येक घरात एक ड्रॉवर असतो बघा, सुट्ट्या चाव्यांचा. कुठल्या कुलपाच्या ते कुणालाच ठाऊक नसतं, पण टाकवतही नाहीत. आमच्या शुक्रवारच्या बैठकीचे किस्से तसेच साठलेत. आम्ही जमतो शास्त्र, म्हणजे बायबल, समजून घ्यायला. उठताना एखादं वचन कळलेलं असतं आणि एक किस्सा जास्तीचा झालेला असतो!

मी उमरग्यात एका दवाखान्यात नर्स आहे. दवाखान्यात सिस्टर, चर्चमध्येही सिस्टर. घरी गेल्यावर तेवढी आई होते. शुक्रवारी संध्याकाळी ड्यूटी संपली की सरळ चर्चमागच्या पत्र्याच्या खोलीत. हायवे जवळच. हैदराबादकडं जाणारा ट्रक हॉर्न मारत गेला की आमचे पास्टर बोलायचे थांबतात, आणि हॉर्न विरला की त्याच शब्दापासून पुढं सुरू करतात.

पास्टरांचा नियम एकच. सोपी वचनं रविवारी, अवघड शुक्रवारी, आणि अडलेलं वचन ओलांडायचं न्हाय! अडलं की ते तेच प्रश्न विचारतात. कोण कुणाला बोलतंय? त्या काळी तिथं काय चाललं होतं? आणि ह्याच गोष्टीवर शास्त्र दुसरीकडं काय म्हणतं? ह्यांची उत्तरं हाती येईपर्यंत चहाची किटली झाकलेलीच. कुणी म्हणालं, "पास्टर, हे वचन जाऊ द्या की, पुढचं बघू," तर ते चष्मा काढून म्हणतात, "पुढचंबी असंच अडलं तर?"

* * *

आमच्यात एलियामामा आहेत. सारी हयात ट्रक चालवला, आता ऑटो चालवतात. त्यांचा मुलगा सुनील, आयटीआयमध्ये शिकवतो. बापलेकाचं एका गोष्टीवरून जमत नव्हतं. सुनीलला लग्न इतक्यात करायचं नव्हतं आणि मामांनी मुलगी बघून ठेवली होती.

एका शुक्रवारी सुनील खांद्याला बॅग लावूनच आला. उभ्या उभ्याच बायबल उघडलं. "लूक, चौदावा अध्याय! जो आपल्या बापाचा न् आईचा द्वेष करत नाही त्याला शिष्य होता येत नाही. प्रभूनं स्वतः सांगितलंय. मी घर सोडलंय!"

मामा समोरच बसलेले.

पास्टर रागावले नाहीत. म्हणाले, "बॅग खाली ठेव आन मत्तयाचा दहावा काढ." तिथं हीच गोष्ट प्रभू वेगळ्या शब्दांत सांगतात. जो बापावर किंवा आईवर माझ्यापेक्षा जास्त प्रेम करतो, तो मला योग्य नाही. मग पास्टरांनी उत्पत्तीच्या पुस्तकात नेलं, याकोबाच्या घरात. राहेल न् लेआ ह्या त्याच्या दोन बायका. त्याचं राहेलीवर लेआपेक्षा जास्त प्रेम होतं, असं एका ओवीत आहे, आणि लगेच पुढच्या ओवीत तीच लेआ नावडती, द्वेष केलेली! "त्या लोकांची बोलायची तऱ्हाच तशी," पास्टर म्हणाले. "एकाला वर ठेवायचं असलं की दुसऱ्याचा द्वेष केला म्हणायचं. देव पहिला, बाप त्याच्यानंतर. बापच नको असं न्हाय म्हटलेलं. आईबापाचा मान राख म्हणून आज्ञा दिलीय, ती कुठं गेली मग?"

मामांनी घसा खाकरला. "म्हंजी ह्यानं माझ्यावर देवापेक्षा कमी प्रेम करायचं. बरं. पण थोडं तरी करायचं का न्हाय, ते एकदा विचारा त्याला!"

सगळे हसले, सुनील सोडून. मार्थाआत्या, आमच्यातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या, त्या बॅगेकडं बघत होत्या. म्हणाल्या, "बाळा, बॅगेतनं शेंगाच्या चटणीचा वास येतोय."

सुनील लाल झाला. "आईनं दशम्या बांधून दिल्यात."

"घर सोडून निघालेल्याला?"

"उपाशी नको जाऊ म्हणाली."

त्या दिवशी चहाबरोबर दशम्या होत्या. बापलेकानं एकाच डब्यात खाल्लं. लग्न मात्र सुनीलनं अजून केलेलं नाही!

* * *

मार्थाआत्यांची प्रार्थना म्हणजे काय सांगू! आवाज असा की हायवेवरचे ट्रकच हळू होतील. अख्ख्या चर्चमंडळीतल्या आजारी माणसांची नावं त्यांना पाठ.

एकदा बाहेरगावचे एक प्रवचनकार पाहुणे म्हणून आले. आत्या प्रार्थनेला उठल्या, तसे ते म्हणाले, "बाई, बसा. प्रेषित पौलानं करिंथकरांना पत्रात लिहिलंय, बायकांनी मंडळीत गप्प राहावं."

आत्या बसल्या. आणि त्यानंतर बोलेनातच! शुक्रवारी यायच्या, पदर सारखा करून भिंतीला टेकून बसायच्या. प्रार्थनेला उठा म्हटलं की मान हलवायच्या. "शास्त्रात हाय म्हणतेत. मग मी कोण?" आत्या दुखावल्या असत्या तर समजूत काढता आली असती. पण त्या आज्ञा पाळत होत्या. त्याला काय करायचं?

पास्टरांनी ते पत्रच घेतलं. एक वचन नाही, अख्खं पत्र. आम्ही कितीतरी शुक्रवार करिंथातच मुक्कामाला होतो! ते शहर बंदराच्या व्यापाराचं, मंडळी नवी, आणि सभा म्हणजे नुसता गलबला. एक गातोय, एक परक्या भाषेत बोलतोय, एक संदेश देतोय, सगळे एकदमच. त्यांना शिस्त लावायला पौल लिहितोय. आणि त्याच पत्रात, अकराव्या अध्यायात, बायकांनी प्रार्थना करताना न् संदेश देताना डोक्यावर काय घ्यावं ते सांगतोय.

"आत्या," पास्टर म्हणाले, "बोलायचंच न्हाय तर पदर कसा घ्यायचा हे कशाला सांगेल?"

आत्या पुढं सरकल्या. "आन त्या गप बसायच्या चौदाव्या अध्यायात आणखी कुणाला गप्प बसवलंय?"

आम्ही बोट ठेवून वाचलं. परक्या भाषेत बोलणारा, अर्थ सांगणारं कुणी नसलं तर त्यानं गप्प राहावं. संदेश देणारा, दुसऱ्याला काही सुचलं तर त्यानं गप्प राहावं. आणि मग बायका.

आत्यांनी हिशेब लावला. "म्हंजी गप बसा म्हणून तिघांना सांगितलं, आन ऐकलं फकस्त बायांनी!"

आणि उठून उभ्या राहिल्या. त्या दिवशीची प्रार्थना इतकी लांबली की चहा पुन्हा गरम करावा लागला. सगळी थकबाकी निघाली. शेवटी त्या पाहुण्यांसाठीसुद्धा प्रार्थना केली, नाव घेऊन. "प्रभू, त्यांना पुढचं-मागचं वाचायची बुद्धी दे."

* * *

एक मात्र अजून सुटलेलं नाही. अलीशा संदेष्ट्याला पोरं टकल्या म्हणून चिडवतात आणि अस्वली येऊन त्यांना फाडतात, ती गोष्ट. पास्टर दर थोड्या महिन्यांनी तिच्याकडं परततात. पोरं म्हणजे लहान लेकरं की जाणती टोळी? ती पोरं ज्या गावची, तिथं मूर्तिपूजेचं ठाणं होतं, त्याचा संबंध काय? बोलतो, भांडतो, आणि शेवटी पास्टर स्वच्छ सांगतात, "अजून मन भरलं न्हाय. पुन्हा बसू."

एलियामामा टोपी काढून डोक्यावरनं हात फिरवतात. डोक्यावर एक केस नाही. "तुमी बसा. मला ती गोष्ट पयल्या दिवशीच कळली!"

* * *

सुईच्या नाकाची गोष्ट तर तालुकाभर झाली.

श्रीमंतानं देवाच्या राज्यात जाण्यापेक्षा उंटानं सुईच्या नाकातून जाणं सोपं, हे प्रभूचं बोलणं. सुनीलनं मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. यरुशलेमेत म्हणे 'सुईचं नाक' नावाचं छोटं दार होतं. उंटाचं ओझं उतरवलं, त्याला गुडघ्यावर बसवलं की तो सरपटत आत जायचा. सगळ्यांना पटलं. किती छान, नम्र झालं की जाता येतं!

पास्टर म्हणाले, "हे मीच सांगत आलोय. माझ्या गुरूंनी मला सांगितलं, मी गावोगाव सांगितलं. पण परवा शोधत बसलो. तसं दार होतं असा त्या काळातला पुरावाच न्हाय सापडत. ही गोष्ट लई नंतर कुणीतरी लावलेली दिसते. आन पुढचंच वाचा ना. शिष्य घाबरून विचारतात, मग तरणार तरी कोण? नुसतं गुडघ्यावर बसून जाता आलं असतं, तर ते घाबरले कशाला असते? प्रभू म्हणतात, माणसाला हे अशक्य, देवाला शक्य. आपण दार काढलं आन अशक्य होतं ते सोपं करून टाकलं."

दुसरा कुणी असता तर इथं विषय मिटला असता. पास्टर मोटारसायकल काढून निघाले. जिथं जिथं ते दार उघडून आले होते, तिथं तिथं जाऊन बंद करायचं! उन्हातान्हात, एकेक गाव. लोक म्हणायचे, "राहू द्या हो, कुणाच्या ध्यानातबी न्हाय." ते म्हणायचे, "माझ्या ध्यानात हाय."

एका गावात मी सोबत होते. तिथं एक बडी असामी उपासनेला येते. ट्रॅक्टरची एजन्सी, दोन मजली बंगला. पास्टरांनी सगळं समजावून सांगितलं, माफी मागितली. ते गृहस्थ ऐकत होते. चेहरा उतरत चालला होता.

शेवटी हात जोडून म्हणाले, "पास्टरसाहेब, बाकीचं सगळं तुमी म्हणाल तसं. तेवढं दार राहू द्या!"

* * *

हा पुढचा किस्सा सांगताना मला अजून जड जातं.

आमच्या दवाखान्यात एक बाळ झालं. वरचा ओठ दुभंगलेला. डॉक्टरांनी आईबापाला बसवून सांगितलं, ह्याचं ऑपरेशन होतं, वजन वाढलं की करून घ्या, पोरगं चांगलं होईल. आई तयार. बाप, राजू त्याचं नाव, आमच्याच मंडळीतला, तो नाही म्हणाला. कारण विचारलं तर सांगेना.

मी पाठ सोडली नाही. ड्यूटी संपल्यावर बाकावर त्याच्याशेजारी जाऊन बसले. शेवटी तो बोलला. आधी तो दारू प्यायचा. सोडली, पण लग्नानंतर सोडली. नात्यातल्या कुणीतरी सांगितलं होतं, बायबलच्या निर्गम पुस्तकात लिहिलंय, बापाच्या पापाची शिक्षा लेकरांना, तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत. "सिस्टर, देवानं खूण केलीय माझ्या लेकरावर. ती पुसायला मी कोण? पुसली तर आणखी काय करील तो?"

म्हटलं, चल शुक्रवारी.

तो आला आणि दाराजवळ बसला. पास्टरांनी ते निर्गमातलं वचन लपवलं नाही. आधी तेच वाचलं, शेवटपर्यंत. तिसऱ्या-चौथ्या पिढीची शिक्षा देवाचा द्वेष करणाऱ्यांना, आणि दया मात्र हजारो पिढ्यांवर. मग यहेज्केलाचा अठरावा अध्याय. लोक बाबेलच्या बंदिवासात आहेत, देश गेलाय, घरं गेलीत, आणि सगळे म्हणतायत, बापजाद्यांनी केलं ते आपण भोगतोय. त्यांना देव ठणकावून सांगतो, हे बोलणं बंद करा! बापाचा अन्याय मुलगा भोगणार नाही.

मग योहानाचा नववा. जन्मापासून आंधळा माणूस. शिष्य विचारतात, पाप कुणाचं, ह्याचं की ह्याच्या आईबापाचं? प्रभू म्हणतात, ह्याचंही नाही आणि त्यांचंही नाही.

राजूनं मान वर केली. "मग माझ्या लेकराचा ओठ कशानं फाटला?"

मला वाटलं, आता पास्टर काहीतरी सुंदर बोलतील. ते म्हणाले, "ठाऊक न्हाय." मग म्हणाले, "प्रभूलाबी त्यांनी कारणच विचारलं होतं. पापाचं कारण प्रभूनं साफ नाकारलं. म्हणाले, देवाचं काम ह्याच्यात दिसायचंय, आन दिवस हाय तोवर आपल्याला काम केलं पाहिजे. लगेच खाली वाकून चिखल कालवला आन त्याच्या डोळ्याला लावला."

राजूनं त्या पानावरनं बोट फिरवलं. मग उठला, बायबल मिटून मार्थाआत्यांच्या हातात दिलं.

"सिस्टर, तुमचा दवाखाना सकाळी किती वाजता उघडतो?"

ते पोरगं आता उपासनेत सगळ्यात मोठ्यांदा ओरडतं. लोक वळून बघतात. राजू त्याला बाहेर नेत नाही!

* * *

प्रभूच्या डोंगरावरच्या प्रवचनाला आम्ही आलो आणि एलियामामांचं गाडं एका ठिकाणी रुतलं. कुणी तुला वेठीस धरून एक कोस नेलं तर त्याच्याबरोबर दोन कोस जा.

"ह्ये मला पटत न्हाय," मामा म्हणाले. "निजामाच्या वक्ताला आमच्या पणज्याला वेठीला धरून न्यायचे. पाटलाच्या दारातनं उचलायचे, सायबाचं सामान डोक्यावर, दुसऱ्या गावापर्यंत. मजुरी न्हाय, भाकर न्हाय. त्यानं आणखी एक कोस चालायचं व्हय?"

पास्टर म्हणाले, "मामा, प्रभूच्या समोर बसलेले लोक तुमच्या पणजोबांसारखेच होते. रोमी शिपाई वाटेत कुणालाबी धरायचा, उचल माझं ओझं. पहिला कोस त्याच्या हुकमाचा. पण दुसरा? दुसऱ्याला हुकूम न्हाय. तो तुमच्या मर्जीचा. तिथं ओझं तेच असतं, पण चालणारा मोकळा असतो."

मामांनी टोपी सारखी केली. पटलं असं वाटेना.

पुढं तालुक्यात एका पुढाऱ्याची सभा होती. त्याची माणसं चौकात उभी राहून ऑटो अडवत होती. पैसे नाही, विचारणं नाही, कार्यकर्ते कोंबायचे आणि "सोड रे मैदानाच्या कोपऱ्यावर!" मामांनाही धरलं. मामांनी कोपऱ्यावर सोडलं, उतरणाऱ्यांना म्हणाले, "बसा की. मंडपापर्यंत सोडतो." मंडपापर्यंत नेलं. गर्दीत हॉर्न वाजवत थेट स्टेजसमोर! खाली उतरले, कार्यकर्त्यांबरोबर कोंबून आणलेल्या म्हातारीला हात देऊन उतरवलं आणि अख्ख्या मंडपाला ऐकू जाईल असं म्हणाले, "सायेब, चौकात तुमच्या माणसांनी फुकट धरलं होतं कोपऱ्यापर्यंत. हितवरचं माझ्याकडनं!"

माइक चालू होता.

शुक्रवारी मामा आले ते छाती काढूनच. "पास्टर, वचन खरं हाय! आता ती माणसं चौकात माझा ऑटो दिसला की दुसरीकडं बघतेत!"

* * *

आता रिबेकाचं. ती आज माहेरी राहते, नर्सिंगचा कोर्स करते, मला अवघड अवघड प्रश्न विचारते. हे त्याच्या आधीचं.

ती पहिल्यांदा दवाखान्यात आली तेव्हा भुवईवर जखम होती. म्हणाली, दार लागलं. डॉक्टरांनी टाके घातले, मी तिचं डोकं धरलं होतं. दार असं लागत नाही, हे मला कळत होतं आणि मला कळलंय हे तिला. मी एवढंच म्हटलं, "शुक्रवारी येत जा."

ती यायला लागली. बरेच दिवस मागं बसून ऐकलं. मग एकदा विचारलं, "पास्टर, एका गालावर मारलं तर दुसरा पुढं करायचा, म्हणजे किती दिवस करायचा?"

पास्टरांनी चष्मा काढला.

म्हणाले, "मत्तय म्हणतो, उजव्या गालावर. उजव्या हातानं समोरच्याच्या उजव्या गालावर मारायचं तर हात उलटा करून मारावं लागतं. काही अभ्यासक म्हणतात, मालक गुलामाला असा मारायचा, त्याची पायरी दाखवायला. आन दुसरा गाल पुढं करणं म्हणजे, मी तुझा गुलाम न्हाय, माणूस हाय, असं तोंडावर सांगणं. सगळ्यांना हा अर्थ पटत न्हाय. म्हणून एवढ्यावर थांबायचं न्हाय. रिबेका, तुला एक काम देतो. प्रभूला स्वतःला एकानं चापट मारली होती. तेव्हा त्यांनी काय केलं, ते शोधून काढ."

ती घरी गेली. त्याच आठवड्यात पुन्हा मार बसला आणि ती माहेरी निघून गेली.

तिचे सासरे दानिएलअण्णा म्हणजे मंडळीतलं मोठं प्रस्थ. रविवारी वाचन त्यांचंच असायचं. आवाज भारदस्त. त्यांनी पास्टरांना निरोप धाडला, सुनेला बोलवा, सगळ्यांसमोर समजावतो. पास्टर म्हणाले, "बोलावतो. पण तिला परत धाडायची बैठक ही नव्हे, हे आधीच सांगतो."

अण्णा आले, मुलगा विजय आला, आणि मागं सुलोचनाकाकू, अण्णांच्या बायको. इतक्या वर्षांत काकूंचा आवाज आम्ही फक्त गीतांमध्ये ऐकलेला. रिबेका माझ्याशेजारी बसली होती.

अण्णांनी सुरुवात केली. "मला जास्ती बोलायचं न्हाय. मारणं चांगलं न्हाय, मीबी मानतो. पण संसारात होतं. शास्त्र काय म्हणतं? दुसरा गाल पुढं कर. शास्त्रापुढं आपण कोण?"

पास्टर तोंड उघडणार, तेवढ्यात रिबेका म्हणाली, "अण्णा, योहानाचा अठरावा अध्याय काढता? तेविसावी ओवी. तुम्ही वाचता चांगलं. मोठ्यानं वाचा."

अण्णांना ते मानाचं वाटलं असावं. त्यांनी बायबल उघडलं, एक ओवी आधीपासून सुरुवात केली, रविवारच्या आवाजात. महायाजकासमोर प्रभू उभे आहेत. शिपाई त्यांना चापट मारतो. प्रभू त्याला म्हणतात, मी वाईट बोललो असलो तर ते दाखवून दे, आणि बरं बोललो असलो तर मला का मारतोस?

शेवटच्या शब्दाला अण्णांचा आवाज खाली गेला.

रिबेका नवऱ्याकडं वळली. "विजय, मी काय वाईट बोलले ते दाखवून दे. न्हाईतर मला का मारलंस ते सांग. मी इथं बसलेय."

विजय जमिनीकडं बघत राहिला. ती रडली नाही. वाट बघत बसली.

अण्णांनी बायबल मिटलं. "झालं वाचून. आता मूळ विषयाकडं..."

मागनं एक हात आला. सुलोचनाकाकूंनी ते बायबल त्यांच्या हातातनं काढून घेतलं. शांतपणे उघडलं, तेच पान शोधलं, त्याच ओवीवर बोट ठेवलं आणि तसंच अण्णांच्या मांडीवर ठेवलं.

"थांबा. आता मलाबी उत्तर द्या."